रिफ्रेश केलं की आकडा बदलतो: पायथन वेब ॲपमधली हरवणारी ग्लोबल व्हेरिएबल्स

लक्षणं

यातली दोन जरी जुळली तरी पुढचं वाचा.

- पान रिफ्रेश केलं की यादी किंवा आकडा बदलतो. नवं दिसतं, मग जुनं, मग परत नवं.
- लॉगिन झालेला माणूस दोन क्लिकनंतर बाहेर फेकला जातो आणि तिसऱ्या क्लिकला आपोआप आत येतो.
- लॅपटॉपवर चोख चालतं, सर्व्हरवर घोळ.
- दिवसभर ठीक, आणि कोणी हात न लावता मधेच सगळं शून्यावर.
- एका ग्राहकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या कार्टमध्ये.
- सकाळी एकदाच जायला हवा तो एसएमएस लोकांना पाच-पाच वेळा.
- ६०० एमबीचं मॉडेल लोड करणारं ॲप ३ जीबी रॅम खातं.

दिसायला वेगवेगळी असली तरी ही सगळी एकाच घरातली भावंडं. पायथनमध्ये एखादी वस्तू, म्हणजे डिक्शनरी, काउंटर, लिस्ट किंवा मॉडेल, मेमरीत ठेवली आणि ती पुढच्या रिक्वेस्टला तशीच सापडेल असं धरून चाललो, की यातलं काहीतरी एक घडतंच. मुंबईतल्या छोट्या धंद्यांची ॲप्स सांभाळणं हे माझं काम. केटरर, क्लासेस, दवाखाने. वर्षातून चार-पाच वेळा तरी हाच बिघाड घेऊन फोन येतो.

सगळ्यात लख्ख आठवतो तो दादरच्या बाजूच्या एका दवाखान्याचा. पावसाळ्याचे दिवस, तापाची साथ, बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग. टोकनचं ॲप फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये होतं, आणि लिहिलेलं माझंच. सकाळी साडेअकराला रिसेप्शनवरच्या मावशींचा फोन: "अहो दादा, दोघांच्या हातात १४ नंबर आहे आणि दोघंही म्हणतात मी आधी आलो. आता मी कुणाला पाठवू?" मागून भांडणाचा आवाज येत होता. मी म्हटलं, पुढची चिठ्ठी काढा. काढली, तर ११. त्याच्या पुढची १५. मावशींनी शेवटी मशीन बाजूला सारलं, वहीच्या पानाचे तुकडे केले आणि पेनाने नंबर घातले. दुपारपर्यंत तो दवाखाना त्या तुकड्यांवर चालला, आणि एकही नंबर चुकला नाही.

ॲपमध्ये टोकनचा आकडा एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होता. सहा महिने बिनबोभाट चालला. मग आदल्या आठवड्यात "साइट हळू आहे" म्हणून मी गनिकॉर्नचे (ॲप चालवणाऱ्या सर्व्हरचे) वर्कर एकावरून पाच केले आणि विसरून गेलो.

दुरुस्तीआधी एवढंच

सर्व्हरवर "ॲप" नावाची एकच वस्तू नसते. गनिकॉर्नसारखा सर्व्हर आधी एक मुख्य प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) उभी करतो आणि तिच्यातून वर्कर फोडतो. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र पायथन प्रोसेस, तिची मेमरी तिच्यापुरती. ग्लोबल व्हेरिएबलमधलं "ग्लोबल" त्या एका प्रोसेसपुरतं असतं. पाच वर्कर म्हणजे पाच काउंटर, आणि येणारी रिक्वेस्ट त्यांतला जो मोकळा असेल त्याच्याकडे जाते. स्टेशनवर पाच तिकीटखिडक्या उघडल्या आणि प्रत्येक बाबूने स्वतःच्या वहीत १ पासून नंबर घालायला सुरुवात केली, तर जे होईल तेच माझ्या टोकनांचं झालं.

आता तपासण्या. पहिल्या फुकट आहेत आणि दहा मिनिटांत होतात. क्रम मोडू नका. लोक थेट रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा वेगळा सर्व्हर) बसवायला धावतात आणि नंतर कळतं की एका फंक्शनमध्ये एक ओळ राहिली होती.

१. उत्तर कोणती प्रोसेस देतेय ते छापा

ओएस मॉड्यूलमधलं गेटपिड वापरून प्रोसेसचा नंबर (पिड) प्रत्येक रिक्वेस्टला लॉगमध्ये टाका. सोबत मशीनचं होस्टनेम आणि त्या क्षणी तुमच्या व्हेरिएबलची किंमत. मग तेच पान वीसेक वेळा मागवा. ब्राउझरपेक्षा टर्मिनलमधून कर्लने मागवलेलं बरं, मधे ब्राउझरची कॅश येत नाही.

माझ्या लॉगमध्ये पाच वेगळे नंबर फिरत होते आणि प्रत्येकाचा आकडा आपापल्या गतीने वाढत होता. तिथेच निदान झालं.

पिड वेगवेगळे असतील तर तपासणी २ कडे. पिड कायम एकच असूनही किंमत हरवत असेल तर तपासणी ३ आणि ४. पिड मधेच बदलला आणि नंतर तोच राहिला, तर प्रोसेस मेली आणि तिच्या जागी दुसरी आली. तेही ३ मध्येच.

होस्टनेम का, तर कंटेनरमध्ये प्रत्येकाची पिड मोजणी वेगळी असते. दोन कंटेनरांतल्या दोन वेगळ्या प्रोसेस दोन्हीकडे "७" दाखवू शकतात, आणि तुम्ही एकच प्रोसेस समजून पुढे जाता.

याहून फसवी गोष्ट म्हणजे आयडी फंक्शन. वस्तू एकच आहे का हे बघायला बरेच जण तिचा आयडी छापतात. नेहमीच्या पायथनमध्ये तो आकडा म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता, आणि हा पत्ता त्या-त्या प्रोसेसच्या आतला असतो. मुख्य प्रोसेसमध्ये वस्तू तयार झाली आणि नंतर वर्कर फोडले, तर पाचही वर्करांत आयडी अगदी तोच दिसेल. वस्तू मात्र पाच. गिरगावातल्या दोन चाळींत दोन्हीकडे खोली नंबर १२ असते, म्हणून एकीकडे ठेवलेली छत्री दुसरीकडे सापडत नाही. या आयडीपायी माझा एक अख्खा शनिवार गेलाय. आयडी छापायचाच असेल तर पिडच्या शेजारी छापा, एकटा नको.

२. वर्कर किती, आणि ते कोणी ठरवलं?

सर्व्हरवर पीएस कमांडने गनिकॉर्नच्या प्रोसेस मोजा. एक मुख्य, बाकीचे वर्कर. काही न सांगता गनिकॉर्न एकच वर्कर चालू करतो, म्हणूनच हा बिघाड सुरुवातीला लपून राहतो. पण वेब कॉन्करन्सी नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट असेल तर तो तिथला आकडा घेतो. होस्टिंगवाल्याने ते आधीच भरून ठेवलेलं असेल तर तुमच्या कमांडमध्ये काहीही न दिसता चार वर्कर उभे राहतात. गनिकॉर्नच्याच मार्गदर्शनात सुरुवातीला कोअरच्या दुप्पट अधिक एक असा हिशोब दिलेला आहे. माझं मशीन दोन कोअरचं, म्हणून पाच.

अपाचेवर मॉड-डब्ल्यूएसजीआय असेल तर डीमन मोडच्या ओळीत प्रोसेसचा आकडा बघा. तिथे काही लिहिलं नसेल तर एक प्रोसेस आणि १५ थ्रेड मिळतात. म्हणजे मेमरी एकच, पण त्यात एकाच वेळी पंधरा हात. त्याचं पुढे येईल.

सर्व्हर कोणता आहे हेच माहीत नसेल, तर खुद्द ॲपला विचारता येतं. २००३ साली आलेल्या आणि २०१० मध्ये पायथन ३ साठी सुधारलेल्या डब्ल्यूएसजीआय प्रमाणकात (सर्व्हर आणि पायथन ॲप यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमांत) प्रत्येक रिक्वेस्टबरोबर एक एन्व्हायरॉन डिक्शनरी येते. तिच्यात मल्टिप्रोसेस आणि मल्टिथ्रेड अशा दोन खुणा असतात. पहिली खरी असेल तर तुमच्या ॲपची दुसरी प्रत दुसऱ्या प्रोसेसमध्ये चालू असू शकते, असं सर्व्हर स्वतःच सांगतोय. ही अडचण इतकी जुनी आहे की प्रमाणकातच तिची सोय करून ठेवली आहे.

लॅपटॉपवरही फसगत होते. फ्लास्क डीबग मोडमध्ये किंवा जँगो (पायथनचं दुसरं वेब फ्रेमवर्क) रनसर्व्हरने चालवलं की फाइल बदलल्यावर आपोआप रीलोड व्हावं म्हणून दोन प्रोसेस उभ्या राहतात. त्यातली एक नुसती पहारा देते. पण ॲप सुरू होतानाचा तुमचा कोड दोन्हीकडे चालू शकतो. "स्टार्टअपचा मेसेज दोनदा का छापतो?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. आणि फाइल सेव्ह केली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, ते वेगळंच.

३. प्रोसेस मरून पुन्हा जन्मतेय का?

वर्कर एकच असला तरी तो अमर नाही. लॉग उघडा आणि पुढच्या चार गोष्टी शोधा.

गनिकॉर्नचा टाइमआउट न बदलता ३० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात वर्करची हालचाल दिसली नाही तर मुख्य प्रोसेस त्याला मारते आणि नवा उभा करते. एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणाऱ्या साध्या सिंक वर्करमध्ये एखादा मोठा रिपोर्ट ३० सेकंदांवर गेला की संपलं. लॉगमध्ये "वर्कर टाइमआउट" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मॅक्स रिक्वेस्ट्स हा पर्याय कुणी लावलाय का बघा. तितक्या रिक्वेस्ट झाल्या की वर्कर मुद्दाम बदलला जातो. मेमरी गळत असलेल्या ॲपवर ही मलमपट्टी सर्रास करतात. मग "दर दोन तासांनी शून्य होतं" अशी तक्रार येते आणि कोणाला संबंध लागत नाही.

रॅम संपली तर लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस उचलतो. डीमेसेज कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते.

आणि डिप्लॉय. दर वेळी नवा कोड चढवला की मेमरी कोरी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी निम्म्या तक्रारींची वेळ डिप्लॉयच्या वेळेशी जुळते.

या तपासणीतून एक प्रश्न तुमचा तुम्हालाच पडायला हवा: ही वस्तू आत्ता या क्षणी गेली, तर नुकसान काय? "काही नाही, परत बनवू" असं उत्तर असेल तर ती मेमरीत राहू द्या. "पेशंट भांडतील" असं उत्तर असेल तर पुढच्या सगळ्या युक्त्या सोडा आणि थेट ७ वर जा. टोकनचा आकडा रॅममध्ये ठेवायची वस्तूच नव्हती. वर्कर वाढवले ही माझी दुसरी चूक. पहिली त्याच्या सहा महिने आधीची.

४. खुद्द पायथनचे खड्डे

प्रोसेस एकच, ती मरतही नाही, तरी किंमत टिकत नाही? मग चूक आपल्या कोडमध्ये आहे. मला वारंवार सापडलेल्या जागा सांगतो.

फंक्शनच्या आत ग्लोबल असं न सांगता नावाला नवी किंमत दिली, तर पायथन त्याच नावाचं स्थानिक व्हेरिएबल बनवतो. बाहेरचं जसंच्या तसं.

दुसऱ्या मॉड्यूलमधून "फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक" करून आणलेलं नाव. इम्पोर्टच्या क्षणी ज्या वस्तूकडे ते बोट दाखवत होतं, तिच्याकडेच दाखवत राहतं. मूळ मॉड्यूलमध्ये नंतर त्या नावाला नवी वस्तू जोडली तरी तुमचं बोट जुन्याच वस्तूकडे. मॉड्यूलच इम्पोर्ट करा आणि टिंब देऊन नाव घ्या.

एकच फाइल दोनदा लोड होणं. ॲपची फाइल थेट चालवली की पायथन तिला "मेन" या नावाने ओळखतो. व्ह्यूजच्या फाइलने तीच फाइल तिच्या खऱ्या नावाने इम्पोर्ट केली की ती दुसऱ्यांदा लोड होते, आणि एकाच प्रोसेसमध्ये दोन डिक्शनऱ्या तयार. एक भरताय, दुसरी वाचताय. वाटून घ्यायच्या वस्तू वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या की हे टळतं.

उलटं दुखणं, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला दिसणं: फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिलेली असते. ती फंक्शन बनताना एकदाच तयार होते आणि प्रत्येक रिक्वेस्ट तिच्यातच भर घालते. क्लासच्या पातळीवर लिहिलेली लिस्टही तशीच. कार्टची अदलाबदल झाल्याची तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच शोधतो.

नावांनीही लोक फसतात. फ्लास्कमधला जी हा ग्लोबल वाटतो, पण त्याचं आयुष्य चालू रिक्वेस्टपुरतं. ती संपली की तोही गेला. फ्लास्कचं साधं सेशन सर्व्हरवर नसतंच. ते सही करून ग्राहकाच्या ब्राउझरच्या कुकीत जातं, आणि कुकीत साधारण ४ केबीपेक्षा जास्त मावत नाही. जँगोत काही सेट न करता कॅश वापरली तर ती लोकल मेमरी कॅश, म्हणजे पुन्हा प्रत्येक प्रोसेसची वेगळी. शिवाय मूळ सेटिंगमध्ये नोंदी ३०० आणि मुदत ३०० सेकंद. "कॅशमध्ये ठेवलंय की!" असं म्हणणाऱ्याला मी आधी सेटिंगची फाइल उघडायला लावतो. फंक्शनची उत्तरं मेमरीत साठवणाऱ्या एलआरयू कॅशचंही तेच: एका वर्करमध्ये रिकामी केली तरी बाकीच्या चौघांकडे शिळं तसंच.

५. थ्रेड असतील तर कुलूप आहे का?

प्रोसेस एक पण थ्रेड अनेक, अशी मांडणी असेल तर मेमरी खरोखर सामायिक असते. मग प्रश्न बदलतो. आकड्यात एक मिळवणं ही आपल्याला एक कृती वाटते. पायथनसाठी ती वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं अशी तीन पावलं आहेत. दोन थ्रेडांनी एकाच वेळी १३ वाचला तर दोघंही १४ लिहितात. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं आतलं कुलूप) आहे म्हणून हे होणार नाही, असं सांगणारे भेटतात. जीआयएल दुभाष्याचं आतलं घर सांभाळतो, तुमच्या तीन पावलांची जबाबदारी घेत नाही.

थ्रेडिंगमधलं लॉक घ्या आणि वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचं सगळं त्याच्या आत ठेवा. लॉक धरून डेटाबेसला किंवा बाहेरच्या एपीआयला हाक मारू नका, नाहीतर सगळी रांग त्या एका कुलपामागे तुंबते. आणि हे लॉक त्या प्रोसेसपुरतंच चालतं. पाच वर्करांत पाच कुलपं, कोणी कोणाला अडवत नाही.

६. तात्पुरता उपाय: एक वर्कर, जास्त थ्रेड

त्या दिवशी मी मावशींसाठी दुपारी हेच केलं. वर्कर एक, थ्रेड आठ, काउंटरभोवती लॉक, आणि सुरुवातीचा आकडा मावशींच्या शेवटच्या कागदी तुकड्यावरून. पंधरा मिनिटांचं काम. दिवसाला काहीशे रिक्वेस्ट येणाऱ्या ॲपला हे पुरतं, आणि कुणी नावं ठेवली तरी मी असं ॲप चालू ठेवतो.

पण प्रोसेस मेली की आकडा जातोच. आणि कॉन्फिगच्या फाइलमध्ये "वर्कर वाढवू नका, का ते इथे वाचा" अशी टीप लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती तुमच्याच उपयोगी पडते.

एक सल्ला हमखास मिळतो: लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्यावर) स्टिकी सेशन लावा, म्हणजे तोच माणूस त्याच सर्व्हरकडे जाईल. आयपीवरून चिकटवलं तर चर्चगेटच्या ऑफिसात वाय-फायवर असलेला माणूस गाडीत बसून मोबाइल डेटावर आला की आयपी बदलला, चिकटपणा सुटला. कुकीवरून चिकटवलं तर एवढं तरी टळतं. पण एकाच मशीनवरच्या पाच वर्करांचा प्रश्न दोन्हींनी सुटत नाही, आणि तो सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळं गेलंच. हा उपाय मी करत नाही.

६ अ. फक्त वाचायची मोठी वस्तू

रॅमची तक्रार असेल तर हा वेगळा फाटा. मॉडेल, पिनकोडचा तक्ता, शब्दकोश, अशी वस्तू जी एकदा भरली की बदलत नाही. गनिकॉर्नला प्रीलोड पर्याय दिला की ॲप आधी मुख्य प्रोसेसमध्ये लोड होतं आणि मग वर्कर फुटतात. लिनक्स फोर्क करताना, म्हणजे प्रोसेस फोडताना, मेमरीची पानं लगेच कॉपी करत नाही; कोणी त्या पानावर लिहिलं तरच कॉपी होते. म्हणून ६०० एमबी पाचपट व्हायला नको.

तरी होते, कारण पायथन प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर तिच्या संदर्भांची मोजणी लिहितो. नुसतं वाचलं तरी मोजणी बदलते, म्हणजे त्या पानावर लिहिलं गेलं, म्हणजे कॉपी. लाखो छोट्या वस्तूंची डिक्शनरी अशी हळूहळू पसरते. नमपायच्या ॲरेचं तसं होत नाही, कारण त्याचा डेटा सलग पडलेला असतो आणि मोजणी फक्त एका छोट्या डोक्यावर. पायथन ३.७ मध्ये जीसी मॉड्यूलला फ्रीझ हे फंक्शन मिळालं. फोर्कच्या आधी ते वापरलं तर गार्बेज कलेक्टरमुळे होणारी कॉपी तरी कमी होते.

प्रीलोड लावताना दोन गोष्टी फुटतात. फोर्कच्या आधी उघडलेलं डेटाबेस कनेक्शन पाचही वर्कर एकाच सॉकेटवरून वापरू लागतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात पडतं. पोस्टग्रेस डेटाबेसवर एसएसएल असेल तर डिक्रिप्शन फेल झाल्याच्या विचित्र एरर दिसतात. कनेक्शन पोस्ट-फोर्क हुकमध्ये, वर्कर जन्मल्यावरच उघडा. दुसरं, मुख्य प्रोसेसमध्ये सुरू केलेले बॅकग्राउंड थ्रेड वर्करमध्ये येत नाहीत. यूडब्ल्यूएसजीआय या दुसऱ्या सर्व्हरमध्ये लोड करण्याचा क्रम गनिकॉर्नच्या उलट आहे: तो मुळातच आधी लोड करून मग फोडतो, वेगळं हवं असेल तर लेझी ॲप्स हा पर्याय द्यावा लागतो. शिवाय तिथे एनेबल थ्रेड्स लावलं नाही तर तुमचे स्वतःचे थ्रेड गप्प बसून राहू शकतात. एररही येत नाही.

७. वस्तू मेमरीबाहेर काढा

खरी दुरुस्ती ही. आणि तिची सुरुवात रेडिसपासून करू नका. जो डेटाबेस आधीच आहे तिथून करा. दवाखान्याकडे पोस्टग्रेस होताच. मी एक छोटा टेबल केला: तारीख आणि शेवटचं टोकन. नंबर वाढवणं आणि वाढलेला नंबर परत मिळवणं हे एकाच अपडेट विधानात. आधी सिलेक्ट, मग पायथनमध्ये एक मिळवा, मग अपडेट, असं केलं असतं तर दोन १४ पुन्हा जन्मले असते, फक्त यावेळी डेटाबेसमध्ये. बेरीज जिथे वस्तू आहे तिथेच व्हायला हवी.

एकच मशीन आणि बेताची वर्दळ असेल तर एसक्यूलाइटही चालतं. एका वेळी एकच लिहिणारा असतो, म्हणून टाइमआउट थोडा वाढवा. ती फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका.

लिहिणं-वाचणं खूप असेल, मुदत संपली की आपोआप पुसायचं असेल, तर रेडिस. तिथे आकडा वाढवायला इन्कर ही एकच अविभाज्य कमांड आहे, तीच वापरा. प्रत्येक किल्लीला मुदत द्या. आणि रेडिसही मुळात रॅममध्येच राहतो. ठरावीक अंतराने डिस्कवर प्रत काढत असला तरी वीज गेली तर शेवटची काही मिनिटं हातची जाऊ शकतात. तेवढंही चालणार नसेल तर एओएफ (प्रत्येक बदल फाइलमध्ये लिहिण्याची सोय) चालू करा किंवा डेटाबेसकडे परत या. मेमकॅश्ड निव्वळ कॅश आहे, मूळ सेटिंगमध्ये एक नोंद १ एमबीपर्यंतच, रीस्टार्टला कोरी पाटी. जँगोवाल्यांना ४.० पासून रेडिसची सोय आतच मिळते, फक्त रेडिस-पाय हे पॅकेज बसवावं लागतं.

अख्खी पायथन वस्तू पिकल करून (बाइट्समध्ये बांधून) रेडिसमध्ये टाकायचा मोह होतो. टाळा. क्लास बदलून डिप्लॉय केलं की जुनं पिकल उघडताना फुटतं. आणि रेडिसपर्यंत दुसरं कोणी पोहोचलं तर पिकल उघडणं म्हणजे त्याने लिहिलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालवणं. जेसनमध्ये मावेल तेवढंच ठेवा, आणि ६३७९ हा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका.

पाच वेळा जाणाऱ्या एसएमएसचं मूळही इथेच आहे. शेड्यूलर ॲपच्या आत सुरू केला की प्रत्येक वर्करचा आपला शेड्यूलर. तो बाहेर काढा. ठरल्या वेळी काम चालवणारा लिनक्सचा साधा क्रॉन पुरतो.

८. जी वस्तू बाहेर काढताच येत नाही

दवाखान्यात नंतर भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड आला, सीरियल पोर्टवर चालणारा. उघडलेला पोर्ट डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही. पाच वर्करांनी एकाच पोर्टवर लिहिलं की बोर्डावर अर्धवट आकडे यायचे, मधेच १४ चा १ दिसे आणि ४ गायब.

अशा वस्तूला एकच मालक द्या. एक वेगळी छोटी प्रोसेस, जी पोर्ट उघडून बसते, आणि वर्कर तिला निरोप देतात. निरोपाला मल्टिप्रोसेसिंगमधला बेस मॅनेजर चालतो, किंवा फक्त लोकलहोस्टवर ऐकणारी, एकाच वर्करची चिमुकली सर्व्हिस. मी दुसरं निवडतो, कारण कर्लने तपासता येतं. मालक प्रोसेस मेली तर सिस्टमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा) तिला उठवेल अशी सोय करा, आणि ती नसताना वर्करने लटकून न राहता दोन सेकंदांत नाद सोडावा.

पायथन ३.८ पासून शेअर्ड मेमरी मॉड्यूलही आहे. ते नुसते बाइट्स देतं. कुलूप, मोजमाप, शेवटी साफसफाई सगळं तुमच्याकडे. मोठ्या आकडेवारीच्या ॲरेसाठी ठीक. डिक्शनरीसाठी मी त्या वाटेला जात नाही.

कुठे थांबायचं

तपासणी ५ पर्यंत कोणीही जावं. त्यापुढे खालची परिस्थिती असेल तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

आकडा पैशाचा असेल, म्हणजे शिल्लक, बुकिंगच्या जागा किंवा पेमेंट. इथे डेटाबेसची ट्रान्झॅक्शन आणि लॉकिंग कळणारा माणूस लागतो. "एकदा चालवून बघू" हा प्रयोग ग्राहकाच्या खिशावर होतो.

एकाची माहिती दुसऱ्याला दिसली असेल आणि ती आजाराची, ओळखपत्राची किंवा पैशाची असेल. आधी ॲप बंद करा. मालकाला सांगा. दुरुस्ती त्यानंतर.

मशीन एकाहून जास्त असतील आणि त्यांची मांडणी तुम्ही केलेली नसेल. वर्कर सेगमेंटेशन फॉल्टने मरत असेल. तो दोष बहुतेकदा सी मध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीत असतो, पायथन वाचून सापडत नाही. रॅम दर तासाला चढतच असेल आणि वस्तू बाहेर काढूनही उतरत नसेल. किंवा दोन संध्याकाळी घालवूनही लॉगमधला पिड आणि आकडा यांचा मेळ लागत नसेल.

आणि ओपीडीच्या वेळात काही बदलू नका. आधी वहीच्या पानाचे तुकडे करायला सांगा.

बोलावलेल्या माणसाचा पहिला दिवस शोधाशोधीत जाऊ नये म्हणून एवढं तयार ठेवा: सर्व्हर सुरू करायची नेमकी कमांड आणि त्या वेळचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, पायथन आणि फ्रेमवर्कची आवृत्ती, पिड-होस्टनेम-किंमत छापलेला अर्ध्या तासाचा लॉग, डीमेसेजचा तुकडा, शेवटच्या तीन डिप्लॉयच्या वेळा, आणि कोणती वस्तू हरवली तर चालेल व कोणती नाही याची मालकाने स्वतः केलेली यादी. लॉग पाठवण्याआधी त्यातली पेशंटची नावं आणि फोन नंबर खोडा.